मागच्या खोलीतली ओल

मच्छिंद्ररावांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक भिंतीला नुसतं टेकवलं, तसा वीतभर गिलावा सुटून त्यांच्या चपलेवर पडला. भाडेकरूंचं कपाट जिथं उभं होतं, तिथं पार छतापर्यंत रंग फुगला होता. त्यावर काळी बुरशी चढली होती आणि खालच्या दोन फरश्या उचलून आल्या होत्या.

"तीन वर्सं आत धुनं वाळवलं," ते कानिफनाथ प्लंबरला म्हणाले. "घराची वाट लावून गेले."

कानिफनाथनं छिन्नी लावली.

भाडेकरू भिंगारदिवे रविवारी घर सोडून गेले होते. अंगद, त्याची बायको ज्योती आणि शाळकरी मुलगी. अंगदला राहुरीला बियाण्यांच्या कंपनीत काम लागलं होतं. तिथल्या नव्या खोल्यांना रंग द्यायचा होता, म्हणून आठ दिवस सामान राहुरीतच ज्योतीच्या बहिणीकडे ठेवायचं ठरलं होतं. मच्छिंद्ररावांनी डिपॉझिट परत केलं, टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभे राहिले, आणि मग आत येऊन पाहतात तर ही भिंत. मंगळवारी राहुरीच्या त्या घरमालकाचा फोन आला, माणसं कशी आहेत म्हणून. मच्छिंद्रराव तेव्हाही याच भिंतीपुढं उभे होते. तोंडाला आलं ते बोलून गेले.

कानिफनाथनं त्यांना वर जाऊन बाथरूमचा नळ सोडायला सांगितलं. ते सोडून खाली आले, तर फोडलेल्या जागेतून पाण्याची बारीक धार लागली होती.

"पानी वरून येतंय," कानिफनाथ म्हणाला. "तुमच्या पायपाचा जॉइंटच नीट बसला न्हाई. दीड वर्स तरी मुरतंय. खाली ऱ्हानाऱ्याचा काय दोष न्हाई यात."

वरचं बाथरूम मच्छिंद्ररावांनी दीड वर्षापूर्वीच बांधून घेतलं होतं. त्यानंतर ज्योती दोनदा जिना चढून आली होती. मागच्या खोलीला ओल येतेय, एकदा बघून घ्या, म्हणाली होती. त्यांनी दोन्ही वेळा तिला खिडक्या उघड्या ठेवायला सांगितलं होतं. तिसऱ्यांदा ती आली नाही. मुलीच्या अंथरुणाला ओल लागू नये म्हणून मधे कपाट सरकवून मोकळी झाली.

त्यांच्या बायकोनं, सुमनबाईंनी, जिन्यातून काय निघालं ते विचारलं. "पाईप," एवढंच सांगून मच्छिंद्रराव गच्चीवर गेले, टाकीचा कॉक बंद केला, खाली आले, पुन्हा वर गेले. शेवटी राहुरीच्या मालकाला फोन लावला. खोल्या दुसऱ्यांना देऊन झाल्या होत्या. वेळेवर सांगितलंत, फार बरं झालं, असं म्हणून त्यानं उलट आभारच मानले.

जेवणाचं ताट तसंच ठेवून ते श्रीरामपूर स्टँडवर आले. तीस वर्षं याच डेपोत कंट्रोलर म्हणून त्यांनी प्रवाशांना धीर धरायला सांगितलं होतं. आज राहुरी फॅक्टरीजवळ बस उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकली, तेव्हा ते तीनदा उठून पुढं ड्रायव्हरच्या काचेतून पाहून आले.

ज्योतीच्या बहिणीच्या ओट्यावर सगळा संसार प्लॅस्टिकच्या कागदाखाली बांधलेला होता. त्यांना पाहून ज्योती गडबडली. काही राहिलं का आमचं तिथं, तिनं विचारलं. पाणी आणून दिलं, आत चहा ठेवून आली. माहीत असूनही मच्छिंद्ररावांनी नव्या घराची चौकशी केली.

"त्यांचा पुतण्या येणार आहे म्हणे राहायला," ज्योती म्हणाली. "आधी बोलले नव्हते. पण आमचं आडनाव कळलं की लई जणांचे पुतणे येतात, काका." ती हे तक्रारीच्या सुरात बोललीच नाही. "यांना वाटलं होतं, या खेपेला तसं व्हायचं नाही. तुमचा नंबर दिला होता ना त्यांना. काका कडक आहेत पण खोटं बोलायचे नाहीत, म्हणाले."

मच्छिंद्ररावांनी तांब्या खाली ठेवला. इथंच थांबता येत होतं. चहा घ्यायचा, जमाना कसा आहे म्हणायचं, चारची बस धरायची.

'त्या लोकांना घर सांभाळता येत न्हाई.' फोनवर ते असंच म्हणाले होते. त्या माणसानं भिंत विचारली नव्हती, फरशी विचारली नव्हती. "समजलो," एवढंच म्हणाला होता. त्याला काय समजलं, ते मच्छिंद्ररावांनाही त्याच क्षणी समजलं होतं. तरी त्यांनी फोन खिशात घातला होता.

"ज्योती, त्याला मी सांगितलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. भिंत, फोन, पाईप. 'त्या लोकांना' हे शब्दही गाळले नाहीत.

ती उभ्या उभ्या ऐकत राहिली. आत चहा उतू गेल्याचा वास आला. ती गेली, गॅस बंद केला, आणि रिकाम्या हातानं बाहेर आली.

"हे यांना तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

"फोन लावू त्याला?"

"फोनवर नको. खोल्या बघायलाच गेलेत. येतील. बसा."

तिनं प्लॅस्टिकचा कागद वर करून सामानातली एक खुर्ची सोडवली, त्यांच्यापुढं ठेवली आणि आत निघून गेली. मच्छिंद्रराव बसले. चारची बस गेली असेल, मग पाचची. ते उठले नाहीत.

गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल वळली. त्यांना ओट्यावर बसलेलं पाहून अंगद लांबूनच हसला आणि त्यानं हात वर केला.