गाण्यातली शिवकन्या

"गळा बघा बाईचा," शेजारी बसलेली बाई म्हणाली. "आताच्या पोरींला जमंल का असं? जुनी बाई दिसती कुनीतरी. मेली बी असंल आतापरेंत."

"असंल," मनकर्णा म्हणाली आणि कानावरचा पदर मागे सारला.

सेनगावकडच्या गोरेगावातल्या त्या मांडवात तिला ओळखणारं कुणी नव्हतं. कुणाला वाटलं नवरीच्या आईच्या माहेरची, कुणाला वाटलं बापाच्या गावची. हळदीच्या मांडवात म्हातारीला पत्रिका कुणी विचारत नाही. टेम्पोवर रचलेल्या काळ्या खोक्यांना लागूनच ती बसली होती. लेकरांचे कान फुटतील म्हणून बाकीच्या बायका तिथून लांब सरकल्या होत्या. खोक्यांतून तिचाच आवाज येत होता.

हळद दळली बाई, उन्हाची झाली पिठी
शिवकन्या माही मैना, मावंना माह्या मिठी

नावापाशी आवाज जरा अडला, आवंढा गिळल्यासारखा. तेवढ्यात गाण्यात एक मेंढी ओरडली. पाटावरची नवरी हसली. याच ठिकाणी सगळ्या नवऱ्या हसतात, हे आता मनकर्णाला पाठ झालं होतं.

"ही शिवकन्या कोन हो, आत्या?" शेजारणीच्या सुनेने विचारलं. "नवरी तर प्रतिक्षा हाय."

"कुनी न्हाई गं. गान्यातली बाई हाय. गान्यात सीता असती, रुक्मिन असती, तशी शिवकन्या," सासू म्हणाली.

मनकर्णाने मान डोलावली. ते नाव गाण्यात पुन्हा एकदा येतं. ते ऐकून झाल्यावर ती उठली. जेवणाच्या पंगती बसत होत्या, पण ती थांबली नाही. न बोलावता यायचं आणि वर पात्रावर बसायचं, एवढी लाज तिने अजून सोडली नव्हती. जीपने ती फाट्यावर उतरली आणि तिथून चालत गावात आली.

एके काळी या पट्ट्यात मनकर्णा आल्याशिवाय पोरीला हळद लागत नसे. तिची रीत ठरलेली होती. आल्याबरोबर ती घरच्या बाईपाशी बसायची आणि माणसं विचारून घ्यायची. पोरीचं नाव काय, मामा कुठल्या गावचा, भाऊ किती, कोणती आत्या रुसून बसली आहे. मग ती सगळी माणसं गाण्यात यायची. रुसलेली आत्यासुद्धा यायची, आणि आपलं नाव ऐकून डोळे पुसत हळद लावायला उठायची. ज्या हळदीत पोरीचं नाव नाही ती हळद मुकी, असं जुन्या बाया म्हणत.

मग टेम्पोवरची खोकी आली. खोकी कुणाला माणसं विचारत नव्हती. आवाज एवढा वाढला की गाणाऱ्या तोंडांची गरजच संपली. बायकांच्या हातांत मोबाईल आले, त्यामुळे टाळीला हात उरला नाही. मनकर्णाला बोलावणं यायचं, ते जेवायला.

तिच्या स्वतःच्या पोरीच्या हळदीलाही खोकीच आणली होती. गावातल्या कुलदीपची. ऐन वेळी लाईट गेली, कुलदीपचं जनरेटर काही केल्या चालू होईना, आणि मांडव एकदम गप्प झाला. बाया म्हणाल्या, मनकर्णा, आता तूच. पोरीच्या आईने पोरीच्या हळदीत गाऊ नये, गळा धरत नाही. पण ती गायली. नावापाशी गळा अडला. मागच्या वाड्यात मेंढी ओरडली. हाताला काम नसलेल्या कुलदीपने मोबाईल पुढे धरला होता.

त्याने ते ग्रुपवर टाकलं. तिथून दुसऱ्या खोकीवाल्यांनी उचललं. शिवकन्या सासरी रुळायच्या आत तिचं गाणं पार हट्टा गावापर्यंत जाऊन आलं होतं.

वर्ष भरायच्या आत शिवकन्या काविळीने गेली. हळदीसारखीच पिवळी झाली होती लेकरू, असं मातीला आलेली एक बाई बोलून गेली, आणि मग तिनेच जीभ चावली.

त्यानंतर घरात ते नाव कुणी घेतलं नाही. रखमाजी, मनकर्णाचा नवरा, उजाडता मेंढरं घेऊन निघायचा तो दिवस मावळता यायचा. बोलायचा ते कुत्र्याशी. मनकर्णाचा गळा गेला. बोलणं होतं, पण सूर धरला की छातीत कुणीतरी आतून कडी लावून घेई. पुढे एकदा सेनगावच्या बाजारात, लग्नाला निघालेल्या टेम्पोवर तिने ते गाणं ऐकलं. भाजीची पिशवी तिथेच ठेवून ती टेम्पोमागे चालत राहिली. तेव्हापासून कुठे मांडव पडला असं कळलं की ती जायची. साऱ्या जगात तेवढी एकच जागा उरली होती, जिथे तिच्या लेकीला कुणी नावाने हाक मारत होतं.

त्या दिवशी गोरेगावहून ती परतली, तर ओट्यावर सुभद्राबाई बसलेली. गावातल्या दत्तप्रसादची आई. तिच्या नातीचं, रागिणीचं लग्न आठवड्यावर आलेलं.

"कुठं गेल्ती एवढ्या उन्हाची?"

"आसंच, आत्याबाई. बाजाराला."

बाजाराचा वार नव्हता. सुभद्राबाईने तो विषय तिथेच ठेवला.

"मनकर्णे, वाईट वाटून घिऊ नको. आमच्या रागिनीला हळदीला तुहंच गानं पायजे. दुसरं चालत न्हाई म्हनती. पन त्यात..."

"नाव हाय."

"दुसऱ्या गावात कोनाला ठावं न्हाई. हितं समद्यांला ठावं हाय. गेलेल्या लेकराचं नाव नव्या हळदीवर... तूच सांग, बराबर हाय का?"

मनकर्णाच इतकी वर्षं गाणारीण होती. कुणाचं नाव घ्यायचं आणि कुणाचं मागे ठेवायचं, हे गावाला तिनेच शिकवलं होतं.

"न्हाई, आत्याबाई. बराबर न्हाई."

"म्हनून म्हनते, तूच ये. तूच म्हन, रागिनीचं नाव घालून. खोकं बंद ठिवायला लावते मी दत्ताला."

मनकर्णा पाणी प्यायली, भिंतीला टेकली, डोळे मिटले. हळद दळली बाई. आलं. उन्हाची झाली पिठी. तेही आलं, जाडंभरडं का होईना. मग नावाची जागा आली. ओठ रागिणीसाठी उघडायचे होते, पण ते दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसले आणि तिथून हलेनात.

सुभद्राबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे माय. तुहं लेकरू अजून उंबऱ्यातच हुबं हाय. दुसरं कोन आत येईल?"

दुसऱ्या दिवशी कुलदीप मोटारसायकलवर आला. आता त्याचा टेम्पो स्वतःचा होता, दाराला लेकराचं नाव लिहिलेलं.

"मावशी, आवाज तुमचा हाय म्हनून इचारायला आलो. न्हाईतर आजकाल कोन इचारतंय? निवडनुकीत तर मेलेले पुढारी बी भाषन करून राहिले."

"काय करनार तू?"

"गान्यातलं नाव काढतो. मोबाईलमदे सोय हाय आता. आवाज तुमचाच ऱ्हातो, बराबर तुमच्यावानी."

"ह्या लग्नापुरतंच ना?"

कुलदीपचा फोन वाजला. हातानेच त्याने, तुम्ही काळजी करू नका, अशी खूण केली आणि मंडपवाल्याशी बोलत गाडीकडे गेला. मनकर्णाने त्याच्या पाठीकडे बघून म्हटलं, "काढ."

रागिणीच्या हळदीला सगळं गाव पिवळं होऊन आलं होतं. मांडवावर एक उडतं यंत्र भिरभिरत होतं, आणि त्याच्याकडे बघून हसायचं असतं म्हणून सगळे माना वर करून हसत होते. मनकर्णाला आज बोलावणं होतं. सुभद्राबाईने तिला हाताला धरून पाटाजवळ बसवलं. मग खोकी बोलली.

हळद दळली बाई, उन्हाची झाली पिठी
रागिनी माही मैना, मावंना माह्या मिठी

मनकर्णाला वाटलं होतं, नावाच्या जागी भोक असेल. दात पडल्यावर असतं तसं. नाव काढणार, एवढंच कुलदीप बोलला होता. पण तिचाच आवाज, तिच्याच गळ्यातून, जे नाव तिला त्या दिवशी ओट्यावर घेता आलं नव्हतं ते घेत होता. पुढे मामा आला. रागिणीचा मामा कळमनुरीचा. ते गाव ओवीत मावत नाही. अशा मामाला मनकर्णा 'नदीपल्याडचा' म्हणून वेळ मारून न्यायची. खोक्याने कळमनुरीही नीट घोटून बसवली. भाऊ आले. रुसलेली आत्या आली, आणि ती आत्या खरोखरच उठली, डोळ्यांना पदर लावून पाटाकडे गेली. बाया रडल्या. कितीतरी वर्षांनी हळद बोलत होती.

दोष काढायला कुठे जागाच नव्हती. रीत तर हीच होती. फक्त मेंढी ओरडली नाही, म्हणून नवरी हसली नाही.

गाणं संपल्यावर सुभद्राबाई खण आणि नारळ घेऊन आली. "घे. गानारनीचा मान."

"मी कुठं गायले, आत्याबाई?"

"मग कोन गायलं?"

मनकर्णाने ओटी पुढे केली.

पंगती सुरू झाल्यावर ती टेम्पोपाशी गेली. कुलदीप वायरी गुंडाळत होता.

"चांगलं झालं रे."

"मेंढी बी काढून टाकली, ऐकलं का? लई सफाई आली."

"आन जुनं? जुनं हाय ना?"

कुलदीपने वायर खाली ठेवली. "जुनं पुसलं, मावशी."

मनकर्णाने ओटीतला नारळ हातात घेतला.

"खरं सांगू का? मला बी लई दिवसांपासून कसंतरीच व्हायलं व्हतं. ताई गेल्या, आन मी त्यांचं नाव गावोगाव वाजवून राहिलो. तुमाला किती तकलीफ व्हत असंल. म्हनून पुसलं. दुसऱ्या खोकीवाल्यांला बी नवं पाठवलं. आता जुनं कोन वाजवंल? ज्याला त्याला आपल्या पोरीचं नाव पायजे."

त्याचा चेहरा खरा होता. कुणाच्या तरी पायातला काटा काढल्यावर माणूस बघतो, तसा तो तिच्याकडे बघत होता. मनकर्णाने नारळाच्या शेंडीवरून हात फिरवला.

"ह्यात शिवकन्या घालता येतं का रे?"

ते नाव तिच्या तोंडून बाहेर पडलं आणि ती स्वतःच दचकली.

"येतं की. लिवलं की म्हनतं." कुलदीपने मोबाईल काढला, अंगठ्याने टकटक केलं, जरा थांबला आणि तिच्या कानाजवळ धरला.

शिवकन्या माही मैना, मावंना माह्या मिठी.

आवाज भरलेला होता, गोड होता. रागिणी म्हणाला होता तसाच तो शिवकन्या म्हणाला. नाव कुठेच अडलं नाही.

"बराबर हाय ना, मावशी?"

"बराबर हाय."

"पाठवून देऊ का? कोनाच्या नंबरवर?"

"आमच्याकडं बटनाचा हाय, बाबा," ती म्हणाली आणि घराकडे वळली.

तिने खण फडताळात ठेवला, चूल पेटवली. मांडवातून ढोलाचा आवाज येतच होता. दिवस कलला तसा रखमाजी आला. मेंढरं वाड्यात घातली, हातपाय धुतले आणि चुलीपुढे येऊन बसला. भाकरी मागायची सोडून तो विस्तवाकडेच बघत राहिला.

"आज वारं उलटं व्हतं का गं?" त्याने विचारलं.

"काहून?"

"दत्तप्रसादच्या मांडवामागं मेंढरं घातली व्हती. गानं आलं ऐकू. नाव न्हाई आलं."

मनकर्णाचा हात पिठात थांबला. भर उन्हाळ्यात, गवताची काडी नसलेल्या गोरेगावच्या माळाला हा माणूस मेंढरं का नेतो, हे तिने कधी विचारलं नव्हतं. त्यानेही, तू बाजाराला कुठल्या वारी जातेस, हे कधी विचारलं नव्हतं.

"वारंच व्हतं," ती म्हणाली.

"व्हय का? मला वाटलं, कानच गेले का काय." त्याच्या खांद्यावरचं ओझं थोडं उतरल्यासारखं झालं. "परवा तांड्यावर उत्तमसिंगच्या पोरीची हळद हाय म्हनत्यात. मेंढरं तिकडंच घालतो. तिथं वढ्याच्या काठाला बसलं की साफ ऐकू येतं."

"घाला."

तव्यावरची भाकरी फुगली. मनकर्णा ती उलटायची विसरली, नुसती बघत राहिली. करपल्याचा वास आला तेव्हा रखमाजीनेच हात लांबवून भाकरी उचलली आणि करपलेली बाजू खाली करून आपल्या ताटात ठेवली.