उद्दिष्ट साध्य

धाकटीला विशेष प्रावीण्य मिळालं आणि त्याच आठवड्यात टेलरकाकांकडे येणारी मदतनीस बाई यायची बंद झाली. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे हे विद्यापीठात कुणाच्या गावीही नव्हतं. धाकटीला मात्र तो पक्का ठाऊक होता, म्हणून अभिनंदनाचे फोन ती दोन शब्दांत आटपत होती.

समाजकार्याच्या पदवीला शेवटच्या वर्षी हुशार मुलांसाठी एक वेगळी वाट असते. नुसते गुण पुरत नाहीत. एक कुटुंब घ्यायचं, वर्षभर त्यांच्याकडे जायचं, त्यांची अडचण सोडवायची आणि त्यावर प्रबंध लिहायचा. धाकटीच्या वाट्याला टेलरकाका आले. काकूंची आठवण पार पुसली गेली होती. नवऱ्याला त्या कधी ओळखत, कधी गिऱ्हाईक समजून बसायला सांगत. काका कापड आणायला बाहेर पडले की दाराला बाहेरून कडी लावत, आणि ते परत येईपर्यंत काकू आतून दार बडवत. हाताची सालं निघत. धाकटीने मदतनीस पुरवणाऱ्या सरकारी केंद्रात इतके खेटे घातले की तिथला शिपाई तिला कर्मचारीच समजायला लागला. शेवटी रोज दोन तासांसाठी मदतनीस मिळाली आणि दाराची कडी निघाली. तिचं हे काम सोन्यासारखं होतं, त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

घोडं अडलं ते परीक्षकांच्या समितीपाशी. समिती म्हणाली, सगळं उत्तम आहे, पण प्रकरण अजून चालूच आहे, मग निष्पत्ती काय? प्रावीण्य हवं तर प्रकरण रीतसर बंद झालेलं पाहिजे. त्यासाठी केंद्राचा एक फॉर्म होता आणि त्यात शेवटी एक ओळ होती: ‘उद्दिष्ट साध्य. मदतीची गरज उरलेली नाही.’ खाली कुटुंबाची सही आणि विद्यार्थ्याची सही.

मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, “अगं, तांत्रिक बाब आहे. निकाल लागला की पुन्हा उघडून घेऊ.”

केंद्रात एक फोन करून विचारायला हवं होतं. धाकटीने केला नाही. काय उत्तर येईल याची तिला मनातून भीती होती, आणि मुदत शुक्रवारी संपत होती. घरी ताईने तिच्यासाठी शाळा सोडून कारखाना धरला होता आणि कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या न काढलेल्या शब्दाचं ओझं धाकटी चार वर्षं वाहत होती.

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेऊन फॉर्म वाचला.

“म्हणजे आम्ही बरे झालो?”

“कागदावर, काका. बाई येत राहतील. पुन्हा उघडता येतं म्हणे.”

“चला, कागदावर तरी झालो.” काका हसले. “याच्यावाचून तुझं अडलंय ना? मग दे इकडे. तू आमच्यासाठी वर्षभर चपला झिजवल्यास, मला एक सही जड नाही.”

त्यांनी सही केली. जिना उतरताना धाकटी खूश होती. हे मागाहून तिला सगळ्यात जास्त टोचलं.

निकालानंतर ती केंद्रात गेली, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. साहेबांच्या टेबलावर तिचाच प्रबंध होता, नव्या मुलांना दाखवायला ठेवलेला.

“वाचला मी,” साहेब म्हणाले. “अशी प्रकरणं बंद झाली की बरं वाटतं.”

तिने पुन्हा उघडायचं म्हटल्यावर त्यांनी यादी काढली. बंद प्रकरण उघडत नाही, नवा अर्ज करावा लागतो. नंबर लागायला चौदा महिने.

धाकटी म्हणाली, “मग मी लिहून देते की ते खोटं होतं. माझं प्रावीण्य जाऊ दे.” बाई यायची बंद झाल्यापासून हे ठरवायला तिला चार दिवस लागले होते. ताईला काय सांगायचं तेही तिने ठरवलं होतं.

साहेब माणूस वाईट नव्हते. उठून त्यांनी आधी दार लोटलं.

“तुमचं जाईल ते जाईल. पण खाली दुसरी सही कुणाची आहे? खोटी माहिती देणाऱ्या कुटुंबाचं नाव यादीतून कायमचं कटतं. आत्ता चौदा महिने तरी आहेत. मग तेही नाहीत.”

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिनेच खणलेली. आपल्याजवळचं सगळ्यात मोठं देऊन टाकलं की सुटका होईल, असं तिला वाटलं होतं. ते कुणाच्या उपयोगाचंच नव्हतं. ती साहेबांना “बरं” म्हणाली आणि बाहेर पडली.

काका मशीनवर होते. काकू खुर्चीत बसून डब्यातली बटणं एकेक करून मांडीवर ठेवत होत्या.

“काय म्हणाले गं?”

“चौदा महिने.”

“बरं,” काका म्हणाले. त्यांनी मशीन थांबवलं. मग हातातलं कापड तिला दाखवलं, जुन्या कोटाचं, जाड. “पट्टा शिवतोय. कडी लावली की बडवते आणि शेजारचे तक्रार करू म्हणतात. खुर्चीतच बसवून ठेवीन. तासभरच, कापड आणण्यापुरतं.” ते तिच्याकडे बघत नव्हते. “तू शिकलेली आहेस, तुला कळेल. किती रुंद घेऊ म्हणजे तिला रुतायचा नाही?”

माणसाला बांधून का ठेवू नये यावर धाकटीने तीन पानं लिहिली होती. समितीने त्याच पानांचं कौतुक केलं होतं. त्यातलं वाक्य न् वाक्य तिला पाठ होतं. चौदा महिने रोज कापड कोण आणणार, ते त्यात कुठेच नव्हतं.

“चार बोटं,” ती म्हणाली. “आतून मऊ अस्तर लावा. बक्कल मागे घ्या, हाताला लागणार नाही असं.”

“हं,” म्हणत काकांनी खडूने खूण केली आणि गळ्यातली टेप काढून तिच्या हातात दिली. “कमरेचं तेवढं घे. माझं बोट थरथरतं हल्ली.”

धाकटीने काकूंना दंडाला धरून उभं केलं. बटणं जमिनीवर सांडली. टेप बघताच काकूंचा चेहरा खुलला. टेलरची बायको, जन्मभर मापं दिलेली. नवा कपडा शिवायचा असला की माणूस उभं राहतं तशा त्या ताठ उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

धाकटीने माप घेतलं आणि काकांना आकडा सांगितला.