तहानेल्याची ओळ

लग्नाच्या गाण्यात काहीही बोला, रागवायचं नाही, ही आमची रीत. नवऱ्याकडची माणसं आली की घराच्या कुंपणाचं दार लावून घ्यायचं. ती बाहेरून गातात, आम्ही आतून टोमणे मारतो. ओळीला उत्तर ओळीनंच. पुढची गाते ते मागच्या पोरी जसंच्या तसं उचलतात. गाणं मध्येच तुटलं तर नवरीला अपशकुन.

गेली तीस वर्षं दारावर मीच उभी राहते. घसा गेला, जीभ शाबूत आहे.

त्या दिवशी लग्न माझ्या भाचीचं, न्दिलिमेकेचं होतं. बैलाच्या शेपटीचा गोंडा हातात घेऊन तिला बाहेर आणायचं काम तिच्या मामाचं. पण माझा भाऊ शिवुते गोऱ्या सरकारच्या शिपायांशी लढायला गेला तो गेलाच. लहानपणी बैलानं डावा कान फाडला होता त्याचा. मेला म्हणावं तर माती नाही, जिवंत म्हणावं तर निरोप नाही. आई वाट बघत बघत गेली. गोंडा माझ्याच हातात आला, आणि सकाळपासून मला रडू येत होतं. रडू आलं की मी भांडते.

"तुयेनी, आज जरा सांभाळून हं," बहीण म्हणाली. "नवऱ्याची आजी पंच्याऐंशीची आहे."

"मग घरी बसायचं होतं तिनं!"

पण लाह्याआजी कसली बसतेय! स्वतः पुढं उभी राहून, आपल्या हातातला गोंडा नाचवत तिनं ओळ टाकली:

"दार उघडा गं, बैल आणलाय,
शिंगं त्याची आभाळाला!"

"शिंगं राहू द्या, बरगड्या मोजा,
वाटेत उपाशी मारलाय!"

आमच्या पोरी खिदळल्या. मला चेव आला. मग मी सगळ्यांची पाठ असलेली ओळ काढली, चिंगूसपणाची, प्रत्येक लग्नात म्हणतो ती:

"तुमच्या दारी आला तहानेला,
थेंब नाही दिला, तसाच गेला!"

याचं उत्तर शेंबड्या पोरालाही येतं. बाहेर मात्र सगळं चिडीचूप.

"काय गं आजी, दातांबरोबर ओळीही पडल्या का?" मी ओरडले.

लाकडांच्या फटीतून पाहिलं तर म्हातारीचा गोंडा खाली गेला होता. मग तिनं त्याच चालीत सुरू केलं:

"दिलं असतं गं, दारात शिपाई,
उजाडता पाहिला, कुंपणाशी मेला.
डावा कान त्याचा फाटलेला,
माझ्या शेतात मीच पुरला."

तिला वाटलं, मला सगळं कळलंय आणि मी चारचौघांत जाब विचारतेय. मला कसलं कळलंय! छत्तीस वर्षं डोकं आपटलं मी त्याच्यासाठी, आणि ही दोन कोसांवर गप्प बसून होती.

तिच्या मागच्या पोरींनी ओळ उचलली. टाळ्या वाजवत, नाचत. डावा कान त्याचा फाटलेला! आमच्या बायकांनी जीभ घोळवून आनंदाच्या आरोळ्या दिल्या. लहान पोरींना काय ठाऊक! बहिणीनं माझा दंड घट्ट धरला.

मला दार तोडून बाहेर जावंसं वाटलं, म्हातारीच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. आत न्दिलिमेके नटून बसली होती, मैत्रिणींबरोबर हसत होती. गाणं तुटून चालणार नव्हतं. मी गायले. आवाज कसा निघाला देव जाणे.

"डोकं त्याचं कुण्या दिशेला?"

"उगवतीला गं, तुमच्या घराला."

आमच्या पोरींनी माझीही ओळ उचलली. तेवढ्याच आनंदानं.

मी दार उघडलं. आत येणाऱ्या सगळ्यात म्हाताऱ्या पाहुणीला बाजरीच्या आंबिलीचा पहिला वाडगा द्यायचा असतो. मी भरला, काठोकाठ. लाह्याआजी तो घ्यायला हात पुढं करेना, म्हणून मीच तिच्या तोंडाला लावला.

"पी," मी म्हटलं. "आमच्या दारात तहानेलं कुणी मरत नाही."

ती प्यायली. रडत रडत, एक घोटही न सांडता सगळा वाडगा. मग पोरी पुढच्या गाण्यासाठी माझ्या तोंडाकडं बघू लागल्या.