अण्णांचं मिटलेलं तोंड

अण्णा आगीच्या बंबावर ड्रायव्हर होते. आवाज असा, की बंबाची घंटा बिघडली तरी रस्ता मोकळा व्हावा. गल्लीत सगळे त्यांना पाठीमागे ‘भोंगा’च म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि भोंगा कायमचा बंद पडला.

थोरली लेक त्यांना सांभाळायची. तिचं शिलाई मशीन अण्णांच्या खाटेशेजारीच असे. जेवण झालं की बोटाला मऊ फडकं गुंडाळून ती त्यांच्या उजव्या गालात अडकलेलं अन्न काढायची आणि लहान मुलांच्या ब्रशने दात घासायची. त्या गालाला फारसं काही कळत नसे. घास तिथेच राहिला तरी अण्णांना पत्ता लागत नसे.

नाताळच्या सुट्ट्या लागल्या तसा धाकटा घरी आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दूरच्या शहरात राहायचा.

“ताई, तू जा मैत्रिणीकडे,” तो म्हणाला. “झटका आल्यापासून उंबरा ओलांडला नाहीस. मी आहे ना!”

ताईने त्याला सगळं करून दाखवलं. निघताना पुन्हा बजावलं, “एक वेळ कपडे नाही बदललेस तरी चालेल, पण तोंड साफ केल्याशिवाय झोपवू नकोस.”

संध्याकाळी तो ब्रश घेऊन खाटेवर बसला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, ओठ गच्च मिटले आणि डोळे वटारले. तेच डोळे. दोन पोरांचा बाप झालेला धाकटा पुन्हा शाळकरी पोर झाला. ज्या तोंडाने लहानपणापासून आपली सालटी काढली, त्या तोंडात बोट घालायचं? त्याने दोनदा विनवलं आणि ब्रश ठेवून दिला.

“राहू दे,” तो हसत म्हणाला. “सुट्टी आहे, दातांनाही सुट्टी.”

सुट्टीचे दिवस, त्यामुळे येणाऱ्याच्या हातात काहीतरी गोड असायचंच. केक, चॉकलेटं, टॉफ्या. धाकटा बारीक तुकडे करून अण्णांना भरवायचा. घासासाठी मात्र तोंड उघडायचं, आणि त्याला बरं वाटायचं. बापाचे लाड करायची संधी त्याला कधी मिळालीच नव्हती.

“तोंड साफ करतोस ना?” ताई फोनवर विचारायची.

“हो गं, किती वेळा विचारशील!”

मग एका दुपारी अण्णांनी जेवणाकडे पाठ फिरवली.

“रुसलात काय?” त्याने चमचा पुढे केला. अण्णांनी चांगल्या हाताने ताटच उडवून दिलं. त्याला राग आला. एवढं करूनही ह्यांचा तोरा जात नाही! तो फरशी पुसत राहिला.

सकाळी अण्णांचा गाल टम्म सुजलेला होता आणि अंग तव्यासारखं तापलं होतं. धाकट्याने कामाची बॅटरी आणून कसंबसं तोंड उघडलं. आधी दुर्गंधी आली, मग दिसलं. गाल आणि हिरडीच्या मध्ये टॉफीचा चिकट गोळा जाऊन बसला होता, त्याखाली जखम झाली होती आणि दाढेच्या कडेने पू येत होता.

दवाखाने सुट्टीमुळे बंद. त्याने ताईला फोन लावून गाल सुजल्याचं सांगितलं. ताईने एवढंच सांगितलं, “कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या वरच राहतात. बेल वाजव.”

डॉक्टरीणबाई घरच्या कपड्यांवर ॲप्रन चढवून खाली आल्या. जखम धुतली, पू काढला, डुगडुगणारी एक दाढ उपटली. अण्णांच्या घशातून फक्त घरघर आली.

“ब्रश कधीपासून झाला नाही?” त्यांनी विचारलं.

थाप ओठांवर आली होती. “मी आल्यापासून,” तो म्हणाला.

“अशा माणसांच्या तोंडातली घाण श्वासाबरोबर छातीत उतरते. जिवावर बेतलं असतं.” हात धुता धुता त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. “का नाही केलंत?”

“भीती वाटते त्यांची. अजून.”

“आणि त्यांनाच लाज वाटत असेल तर? लेकासमोर असं तोंड उघडायचं म्हणजे...” त्यांनी औषधांची चिठ्ठी पुढे केली.

ताई दुसऱ्या दिवशीच परतली. आल्या आल्या तिने अण्णांच्या तोंडातली जखम पाहिली. जेवणानंतर तिने फडकं उचललं तसं त्याने ते तिच्या हातातून घेतलं.

“आज मी करतो.”

अण्णांनी ओठ मिटले. यावेळी त्याने घाई केली नाही. खाटेच्या कडेला बसून तो म्हणाला, “अण्णा, चुकलं माझं. मी खोटं बोललो ताईशी. तुम्हाला बोलता आलं असतं तर चांगलं झापलं असतंत.”

अण्णांनी मान भिंतीकडे वळवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं आणि मिशीत मुरलं. बऱ्याच वेळाने ओठ सैल झाले. त्याने फडकं गुंडाळलेलं बोट हळूच आत घातलं. जखमेला लागलं असावं. जबडा खाडकन मिटला आणि दात बोटात रुतले. त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण त्याने बोट ओढलं नाही.

“असू दे, अण्णा. असू दे.”

हळूहळू पकड सुटली. त्याने गाल पुसला, मग हिरडी, मग राहिलेले दात, एकेक करून. अण्णा त्याच्याकडे पाहत होते. त्या नजरेत माफी होती की नुसता थकवा, ते त्याला कळलं नाही, आणि विचारायची सोयही नव्हती. त्याने त्यांच्या हनुवटीवरचं पाणी टिपलं, उशी नीट केली आणि फडकं धुवायला उठला.