पाचवं नळकांडं

पलटणीत मी लांगरी व्हतो. पीठ मळायचं, डाळ शिजवायची, तीन-चारशे माणसांच्या रोट्या भाजायच्या. आफ्रिका म्हणू नका, इटली म्हणू नका, चार वर्सं मी एवढंच केलं. पर पलटण तोफखान्याची व्हती. घरी आल्यावर कुणी इचारलं की मी म्हणायचो, "तोफखान्यात व्हतो." यात खोटं काय हाय? पुढचं लोकांनी आपल्या मनानं जोडलं. आमच्या कडेगावच्या बाजूला घरटी एक माणूस फौजेत. तिथं रोट्या भाजत व्हतो म्हणून कुठल्या तोंडानं सांगायचं? लोक मला हवालदार म्हणाया लागले आन् मी ओ द्याया लागलो.

सेहेचाळीसच्या भादव्यात माझी धाकटी बहीण शालू हिनं सांगलीत फुलांचं दुकान टाकायचं ठरवलं. नवरा जाऊन तिला सा वर्सं झाली व्हती. तवापासून बाई देवळाच्या वाटंवर पोतं अंथरून हार इकायची, ऊन न्हाई बघितलं, पाऊस न्हाई बघितला. आता बोळात एक खोली भाड्यानं मिळाली व्हती. दसऱ्याला उघडायचं, म्हणून तिनं मला मदतीला बोलावलं.

शालूच्या गाठीला पैसा न्हाई, पर डोकं लय. पडक्या धर्मशाळेचं दार आणून ते चार दगडांवर आडवं टाकलं, त्यावर हार मांडायचे. पुण्याकडनं लष्कराचा लिलावातला माल भंगारवाल्याकडं आला व्हता. त्यातली दारूगोळ्याची रिकामी खोकी आणून भिंतीला फळ्या केल्या, तंबूचं फाटकं कापड पुढं सावलीला बांधलं. मी खिळे ठोकायचो आन् हुकूम सोडायचो. शालू म्हणायची, "दादा, एवढ्या तोफा डागल्यास, पर एक खिळा सरळ जाईना तुझा."

त्याच भंगारात तोफेची पितळी नळकांडी मिळाली, दीड वीत उंच, पाच. निशिगंधाच्या काड्या पाण्यात उभ्या ठेवायला शालूला तसलंच कायतरी पाहिजे व्हतं. चारींची तोंडं उघडी व्हती. पाचव्याचं तोंड काळ्या पुठ्ठ्याच्या झाकणानं बंद, कडंनं डांबर घट्ट बसलेलं. शालूनं विळीचं टोक घालून बघितलं, झाकण हललं न्हाई.

"दादा, ह्यात काय असंल रं?"

मी ते उचललं. बाकीच्या चारींपेक्षा जड व्हतं. कानाशी हलवलं, तर आत वाळक्या काटक्या सरकल्यागत आवाज आला. खरं सांगतो, तवाच मला वाटलं, हे रिकामं न्हाई. चुलीपाशी बसून मी तोफा ऐकल्या व्हत्या, जवळ जाऊन कवा बघितल्या न्हवत्या. मला कळत न्हाई, एवढंच म्हणायचं व्हतं. भंगारवाला उभा व्हता, शेजारचा पानवाला नानासो उभा व्हता, दोघं माझ्या तोंडाकडं बघत व्हते.

"रिकामं हाय," मी म्हणलं. "आत दारू नसती, नुसता भुसा भरत्यात. जरा शेक दिला की डांबर सुटंल, झाकण आपसूक निघंल."

समोरच महंमद कल्हईवाल्याची भट्टी व्हती. चारी नळकांड्यांना त्यानं आतनं कल्हई करून दिली, पाण्याला वास येऊ नये म्हणून. पैसे घेतले न्हाईत. त्याच्या लेकीचं लग्न ठरत व्हतं, तवा सेहरा शालूनं गुंफून द्यायचा, एवढं ठरलं. माणूस सरळ, कामाला एकदम सावध. पाचवं हातात घेऊन त्यानं मला इचारलं, "हवालदार, नीट बघितलंय ना तुमी?"

"बघितलंय."

दुसऱ्या दिवशी चहाला आला तवा परत तेच. "भाऊ, हे जड लागतंय. मला शंका वाटती." मी हसून वेळ मारून नेली, पर मनात चीड आली. त्याची चीड न्हवती ती, हे मला आता कळतंय.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी भट्टी पेटली, भाता सुरू झाला. नानासो आन् दोन-चार माणसं बघायला जमली. महंमदनं सांडशीत नळकांडं धरलं आन् तिसऱ्यांदा माझ्याकडं बघितलं. "भाऊ, एकदा शेवटचं सांगा."

माझं डोकंच फिरलं. "तू मला शिकवतोस व्हय रं? तुझी हयात भांडी घासण्यात गेली, माझी तोफेपाशी. एवढा जीव प्यारा असंल तर ऱ्हाऊ दे, मी दुसरा कल्हईवाला बघतो."

माणसं हसली. महंमदचं तोंड एवढंसं झालं. तो खाली बसला आन् भात्याला हात घातला. बघे आपापल्या कामाला पांगले.

आन् मी काय केलं? मी शालूला म्हणलं, "चल, मंडईतनं केळीचा सोप आणू, हार गुंफायला पुरायचा न्हाई." सोप आणायला एक माणूस पुरतंय. शालू म्हणाली, झेंडू निवडायचाय, तू जा. मी तिच्या हाताला धरून तिला उठवलं. बहिणीला घेऊन मी तिथनं निघालो आन् महंमदला भट्टीपाशी बसवून ठेवलं. वाटंत मी भराभरा चालत व्हतो. ती म्हणाली, "दादा, अरं, जरा हळू."

मंडईच्या तोंडाशी पोचलो आन् आवाज झाला.

महंमद जागेवरच गेला. शालूच्या दुकानाचं दार फुटलं, तंबूचं कापड जळालं. फौजदारानं इचारल्यावर शालूच पुढं होऊन म्हणाली, "माझ्या दादानं बघितलं व्हतं, ते रिकामं व्हतं." तोफखान्यातला माणूस सांगतोय म्हटल्यावर फौजदारानं मान हलवली. मग बोळात हळूहळू एकच बोलणं झालं, महंमदनंच कायतरी घोळ केला असंल. मी कुणाला हो म्हणलं न्हाई आन् न्हाई बी म्हणलं न्हाई. दिवाळीच्या पाडव्याला दुकान उघडलं. चाललं बी चांगलं.

महंमदची बायको मेहरुनबी चार महिने दहा दिवस घराबाहेर पडली न्हाई, त्यांच्यात तशी रीत हाय. ते सरल्यावर पहिल्यांदा ती आली ती शालूच्या दुकानावर. मी त्या दिवशी नेमका तिथं व्हतो. ती पायरीपाशी उभी ऱ्हायली.

"भाऊ, तुमी जाणते," ती म्हणाली. "लोक म्हणत्यात त्यांची चूक झाली. पोरं रोज मला इचारत्यात. तुमी खरं काय ते सांगा, मी तेच त्यांना सांगीन."

शालू हार गुंफायची थांबली व्हती. रिकामं हाय असं मीच म्हणलं, शेक मीच द्यायला लावला, मी लांगरी हाय. सगळं जिभेवर आलं व्हतं.

"भाभी," मी म्हणलं, "आच लय दिली त्यानं. जरा शेक द्यायचा व्हता."

तिनं पदर सारखा केला.

"मग आमच्याकडनंच झालं," ती म्हणाली. "तुमच्या बहिणीचं नवं दुकान, त्यांच्यापायी एवढं नुकसान झालं. त्यांच्या वतीनं मी माफी मागते."

आन् मी म्हणलं, "असू द्या, भाभी."