समासातली पेन्सिल

मी एक जुनी नोंदवही आहे. पुठ्ठा सुटलेली, कडा झिजलेली आणि स्वभावाने भारी काळजी करणारी. मित्रांनो, घरांची किंमत ठरवून देणाऱ्या एका माणसाने मला विकत आणले. शहरात कुठलेही घर विकले गेले की तो तारीख, क्षेत्रफळ आणि भाव माझ्यात शाईने लिहायचा. मग विकणाऱ्याला गाठून चार गोष्टी विचारायचा आणि समासात पेन्सिलीने टिपायचा, 'घाईत विकले' किंवा 'नात्यात दिले, धरू नये'. लोक त्याच्या चौकसपणाचे कौतुक करत आणि मी इकडे फुशारून जात असे.

तो गेल्यावर त्याची लेक त्याच खुर्चीवर बसली. तिने संगणक आणला आणि माझी रवानगी कपाटाच्या तळाशी झाली. कोणी मागच्या तारखेची किंमत विचारली, तरच माझी आठवण होई.

परवा एक बहीण-भाऊ आले. नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई वारली. तिच्या घरात भाऊ राहतो. आई गेली त्या दिवशी घराची जी किंमत होती, तिच्या निम्मे पैसे बहिणीला द्यायचे, असे दोघांनी लिहून ठेवले होते.

"नवीन पूल झाल्यावरचे भाव धरा की," बहीण म्हणाली.

"पूल नंतर झाला. त्या दिवशी तो कोणाच्या स्वप्नातही नव्हता," लेक म्हणाली. "त्या तारखेच्या आधीचेच व्यवहार बघायला हवेत."

माझा जीव भांड्यात पडला, पण लगेच पुन्हा टांगणीला लागला. लेकीचे बोट त्याच गल्लीतल्या एका घरावर थांबले होते. क्षेत्रफळ तेवढेच, तारीख तीनच महिने आधीची, भाव मात्र अगदीच कमी. भावाचा चेहरा खुलला. समासातली पेन्सिल पुसट झाली होती आणि लेकीने तिकडे पाहिलेच नाही. ओरडावे तर मला तोंड नाही. बहिणीचा हिस्सा माझ्या डोळ्यांदेखत घटत होता आणि तोही माझ्याच पानावरून!

अहवालावर सही होणार, एवढ्यात बहिणीने विचारले, "मॅडम, इतक्या स्वस्तात कोणी विकलं हो ते घर?"

लेक थबकली. तिने मला खिडकीपाशी नेले, पान तिरके धरले. "काकानं पुतण्याला दिलंय," ती हळूच म्हणाली. "बाबांनी लिहून ठेवलंय, धरू नये."

"अहो, पण भाव तर खरा आहे ना?" भाऊ म्हणाला.

"खरा आहे, पण मायेचा आहे. बाजाराचा नाही."

तिने ती ओळ सोडून आधीच्या वर्षातले दुसरे तीन व्यवहार घेतले. बहिणीला तिचा रास्त वाटा मिळाला. पुलाचा भाव नाही म्हणून ती जराशी हिरमुसली आणि भाऊ तर धुसफुसतच जिना उतरला.

मग आता कसली काळजी, असे तुम्ही म्हणाल. मित्रांनो, याआधी चार वेळा लेकीने तीच ओळ उचलली आहे. त्या चार घरांतल्या कोणीच काही विचारले नव्हते. सह्या झाल्या, वाटण्याही झाल्या. म्हणून कळकळीने सांगते, जुनी वही उघडाल तेव्हा नुसते आकडे उचलू नका, समासही वाचा. विचारणारे माणूस दर वेळी येत नाही.

लेक अजून ते पान उघडे ठेवून बसली आहे. तिचा हात जुन्या अहवालांच्या कपाटाकडे जातो आणि मागे येतो.