‘कुठेही जाऊ नका’ म्हणणारा गेला कुठे?

डायलिसिसच्या हॉलमध्ये सकाळी सव्वाआठला चमत्कार व्हायचा. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार. सात खुर्च्या, सात यंत्रं, सात माणसं. प्रत्येकाच्या दंडातून रक्त बाहेर यायचं, गाळलं जायचं आणि परत आत जायचं. भिंतीवरच्या पेटीत उपग्रह रेडिओवरची जुनी गाणी चालू असायची. गाणं संपलं की एक भरदार, मायाळू आवाज म्हणायचा, “थोडं गार वाटतंय ना? पांघरूण ओढून घ्या. मी आहे इथंच.”

सातही जण पांघरूण ओढून घ्यायचे.

“बघितलंत?” पहिल्या खुर्चीवरचे कंत्राटदार म्हणायचे. “त्याला कसं कळलं?”

डायलिसिस सुरू झालं की बऱ्याच जणांना थंडी वाजते, शिवाय एसी डोक्यावरच आहे, हे मी एकदा सांगून पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी कुणाच्या तरी यंत्राची वायर उपटली.

बाराला, यंत्रं थांबायच्या सुमारास, तोच आवाज म्हणायचा, “चला, झालं. आता मोकळे व्हा.” त्याचा कार्यक्रम आठ ते बारा आणि आमची पाळीही आठ ते बारा, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आलं असेल तर आवडलं नव्हतं.

त्याचं नाव पडलं आवाजदादा. कंत्राटदार त्याचे भाष्यकार झाले. जन्मभर त्यांनी इमारती बांधल्या होत्या, आता ते अर्थ बांधायला लागले, पाया न खणता. “सोमवारी दादा म्हणाला, बदल हवाच असतो. त्याच दिवशी डॉक्टरांनी माझी गोळी बदलली! आता बोला.”

आता काय बोलणार?

मी चौथ्या खुर्चीजवळच्या स्टुलावर बसायचो. खुर्चीत माझी ताई. चौतीस वर्षं तिनं छापखान्यात प्रुफं तपासली. पन्नास वर्षांत माझं काहीच तिला पसंत पडलेलं नव्हतं. शर्ट नाही, नोकरी नाही, अक्षर तर नाहीच. मूत्रपिंड मात्र जुळलं. ऑपरेशनची तारीख मिळाली, संमतीपत्रावर तिची सही तेवढी उरली. तर ताई म्हणाली, “नको.”

“का?”

“दादा काय म्हणाला, ऐकलंस ना? कुठेही जाऊ नका, याहून छान पुढे येतंय.”

“ताई, पुढे गाणं येतंय.”

“तुला त्यातलं काय कळतंय, छोट्या?”

“मीही तेच म्हणतो,” कंत्राटदारांनी माझ्या कमरेकडे एक नजर टाकली. “याहून छान येणार असेल, तर हे कशाला घ्या?”

माझ्या मूत्रपिंडाचा एवढा अपमान माझ्यादेखत होईल असं मला वाटलं नव्हतं. पण डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात गाठलं तेव्हा त्यांना अजिबात हसू येत नव्हतं. “तुमच्या ताईंचं हृदय थकत चाललंय,” त्या म्हणाल्या. “ही तारीख गेली, तर पुढची देता येईलच असं नाही. सोमवारपर्यंत सही हवी.”

तो बुधवार होता. त्याच दिवशी एसी बंद पडला. सातही जण घामाघूम. नर्सबाई पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या. सव्वाआठ वाजले.

“थोडं गार वाटतंय ना?”

मी कंत्राटदारांकडे बघितलं.

“आतून,” ते कपाळ पुसत म्हणाले. “आतला गारवा म्हणतोय तो.”

मी नर्सबाईंकडून रिमोट घेतला आणि शेजारचं चॅनेल लावलं. तिथं नुसत्या वादनाचा कार्यक्रम होता, आणि तोच आवाज कुणाला तरी गाडी सावकाश चालवायला सांगत होता. परत मागे आलो. इथं तोच आवाज आमच्या तब्येतीची चौकशी करत होता. एकाच मिनिटात एकच माणूस दोन ठिकाणी.

“सर्वव्यापी!” कंत्राटदार ओरडले. त्यांच्या यंत्रानं पीं पीं केलं.

मी थकलो. खरं सांगायचं तर पुरावा देण्याचा मला फार कंटाळा आहे. पुरावा दिला की समोरच्याची भक्ती वाढते, असाच माझा अनुभव आहे. तरी दुपारी चॅनेलच्या ऑफिसात फोन लावला.

“ते?” पलीकडची मुलगी म्हणाली. “ते स्टुडिओत रोज येतच नव्हते. महिन्यातून एका दुपारी यायचे, महिनाभराचं बोलून जायचे. कॉम्प्युटर ती वाक्यं गाण्यांच्या मधे बसवतो. आता तर सात महिने झाले नोकरी सोडून. जुनंच फिरवून लावतो आम्ही. का, काही तक्रार होती का?”

“नाही. हल्ली काय करतात ते?”

“घरं विकतात म्हणे.”

शुक्रवारी मी हे सगळं हॉलमध्ये सांगितलं. कुणाला पटलं नाही. शेवटी म्हणालो, “ठीक आहे. ज्याचं बोलणं कुठल्याही दिवशी वाजवायचंय, त्याला वार सांगता येत नाही, वेळ सांगता येत नाही, पाऊस की ऊन तेही सांगता येत नाही. आज चार तास नीट ऐका. एकदा जरी तो म्हणाला की आज शुक्रवार, तर माझं मूत्रपिंड कंत्राटदारांना.”

इतकं लक्ष देऊन त्या हॉलनं डॉक्टरांचंही कधी ऐकलं नव्हतं. आवाजदादा अकरा वेळा “आजचा हा सुंदर दिवस” म्हणाला. कोणता दिवस, ते एकदाही नाही.

बारा वाजता सहाव्या खुर्चीवरच्या आजींनी विचारलं, “म्हणजे इतके दिवस आपल्याशी कुणीच बोलत नव्हतं?”

“नव्हतं, आजी.”

कंत्राटदार हळूच म्हणाले, “घरं कुठल्या कंपनीची विकतो?”

नर्सबाईंनी ताईच्या दंडावर पट्टी बांधली. “मला माहीत होतं,” ताई म्हणाली.

“काय?”

“‘आनंद’ म्हणताना तो अडखळतो. गेल्या महिन्यात अडखळला, या महिन्यातही, त्याच वाक्यात, त्याच अक्षरावर. बोलणारा माणूस दर वेळी नवी चूक करतो रे. तीच चूक त्याच जागी आली, की समजायचं, हे छापलेलं आहे.”

“मग नको का म्हणालीस?”

“तुला ‘नाही’ म्हणायला मला कुणाचं तरी तोंड हवं होतं.” तिनं पांघरुणाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. “तू टेबलावर आडवा होणार माझ्यापायी. काही झालं तर वहिनीला काय तोंड दाखवू? भीती वाटते, छोट्या.”

“मलाही वाटते.”

“मग बोलला का नाहीस?”

चमत्कार लांबून येत नाहीत. आपल्याला जे म्हणायचं असतं आणि म्हणवत नाही, ते आपणच कुणाच्या तरी तोंडी घालतो आणि मग हात जोडून ऐकतो. पेटीतल्या आवाजाला तुमच्या दंडातली सुई दिसत नाही. भीती वाटत असेल तर शेजारच्या माणसाला सांगा, शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, आणि कुणी “मी आहे इथंच” म्हणालं, तर आधी मान वळवून बघा, आहे का. एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

ताईनं चष्मा लावला आणि संमतीपत्र मागितलं. पहिल्या ओळीपासून वाचलं, सवयीनं, बोट फिरवत. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं.

“मुत्रपिंड,” ती म्हणाली. “ऱ्हस्व. लाज नाही वाटत यांना?”

तिनं पर्समधून लाल पेन काढलं, ‘मु’चा ‘मू’ केला आणि खाली त्याच पेनानं सही केली.